मांडव, लॉन, वरात आणि गच्ची: आवाजाच्या नियमांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बारा वर्षं मंडळाच्या पावत्या फाडल्या, मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपुढे नाचलो. आता सोसायटीचा सेक्रेटरी आहे आणि तक्रारींचे फोन मलाच येतात. तेव्हा मंडळातली मुलं जे विचारायची, तेच आता त्रास होणारे विचारतात, फक्त उलट्या बाजूने. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो. संदर्भ महाराष्ट्राचा आहे. नियम केंद्राचे असल्यामुळे गोव्यातही तेच लागू आहेत, परवानगी देणारी कार्यालयं तेवढी वेगळी.

रात्री दहापर्यंत आवाज कितीही ठेवता येतो ना?

नाही. सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज हाच. दहाचा नियम वेळेचा आहे. त्याशिवाय पातळीचा नियम आहे, आणि तो भर दुपारी बारा वाजताही लागू असतो. मंडळात असताना मीसुद्धा ‘दहाला बंद करतोय ना, मग काय अडचण आहे?’ असं ठणकावून सांगायचो. परवान्याचा कागद खिशात असायचा, पण खालच्या अटी कधी वाचलेल्या नसायच्या. परवाना स्पीकर लावण्याचा असतो, हवा तेवढा मोठा लावण्याचा नसतो.

मग मर्यादा नेमकी किती?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० मध्ये परिसराचे चार प्रकार आहेत. सकाळी सहा ते रात्री दहा हा दिवस आणि दहा ते सहा ही रात्र. औद्योगिक भागात दिवसा ७५ डेसिबल आणि रात्री ७०, व्यापारी भागात ६५ आणि ५५, निवासी भागात ५५ आणि ४५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०.

हे झालं परिसराचं मानक. स्पीकरसाठी त्यावर थोडी सूट आहे. सार्वजनिक ठिकाणी स्पीकर लावला असेल तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज मानकापेक्षा फार तर १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल तेवढा चालतो. म्हणजे निवासी वस्तीतल्या मांडवाला दिवसा ६५. बाजारपेठेत ७५. एमआयडीसीतही ७५च, ८५ नाही. खाजगी जागेत, म्हणजे घरात, बंगल्याच्या अंगणात किंवा गच्चीवर, सूट फक्त ५ डेसिबलची. निवासी भागात दिवसा ६० आणि रात्री ५०.

मोजायचं हद्दीवर, हे लक्षात ठेवा. स्टेजपुढे नाही आणि तक्रारदाराच्या पलंगाशेजारीही नाही.

६५ डेसिबल म्हणजे किती?

समोरासमोर बसून गप्पा मारताना साधारण ६० होतात. घरातला मिक्सर जवळून ८५च्या आसपास जातो. आपल्याकडच्या मोठ्या रस्त्यांवर नुसती रहदारीच ७०च्या पुढे असते, म्हणून ‘रस्ताच ६५च्या वर आहे, आम्ही काय करणार?’ ही तक्रार मंडळं करतात, आणि ती अगदीच खोटी नाही. पण नियमात मर्यादा मानकावरून काढायची आहे, त्या दिवशीच्या गोंगाटावरून नाही.

डेसिबलची पट्टी सरळ वाढत नाही. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि १० वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणून ‘पाच-सातच तर जास्त आहेत’ हा युक्तिवाद टिकत नाही.

दुसरा हिशेब लॉनवाल्यांच्या कामाचा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून १० मीटरवर ९० असतील तर ६५वर यायला पावणेदोनशे मीटर लागतात. शहरात एवढं मोठं लॉन कुणाकडे आहे? तेव्हा स्पीकर आतल्या बाजूला वळवा, उंच स्टँडवरून खाली उतरवा, दोन मोठ्यांऐवजी लहान लहान चार-सहा पाहुण्यांजवळ लावा. साउंडवाल्या पोराला हे माहीत असतं, कुणी सांगितलं तरच तो करतो.

दहाची वेळ आली कुठून?

याच नियमांतून. बंद सभागृह किंवा सार्वजनिक आणीबाणी सोडली तर रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद. २०१०च्या दुरुस्तीनंतर त्यात वाद्यंही आली, त्यामुळे ‘आमच्याकडे स्पीकर नाही, नुसता बँजो आहे’ ही पळवाट बुजली. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५च्या निकालात ही बंदी ठामपणे उचलून धरली. त्या प्रकरणाच्या मुळाशी बलात्कार झालेली एक तेरा वर्षांची मुलगी होती. परिसरातल्या स्पीकरच्या आवाजात तिच्या किंकाळ्या कुणाला ऐकूच गेल्या नाहीत. ‘सणाच्या दिवशी जरा सहन करा’ असं कुणी म्हणालं की मला हे आठवतं.

मग सणाला बारापर्यंत परवानगी कशी मिळते?

राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवासाठी, दहाऐवजी मध्यरात्री बारापर्यंत सवलत देता येते. हे दिवस आधी जाहीर करावे लागतात. आपल्याकडे जिल्हाधिकारी दरवर्षी यादी काढतात. साधारणपणे त्यात शिवजयंती, आंबेडकर जयंती, महाराष्ट्र दिन, गणेशोत्सवातले काही दिवस, नवरात्रातले एक-दोन, लक्ष्मीपूजन, ईद-ए-मिलाद, नाताळ आणि ३१ डिसेंबर असतात. बऱ्याच जिल्ह्यांत एक-दोन दिवस राखीव ठेवतात. यादी जिल्ह्यागणिक आणि वर्षागणिक बदलते, तेव्हा मागच्या वर्षीचा व्हॉट्सॲपवर फिरणारा कागद धरून बसू नका.

सवलत फक्त वेळेची आहे. पातळीची नाही. उलट दहानंतर रात्रीचं मानक लागू होतं, म्हणजे निवासी भागात कागदावर ४५ अधिक १०, अवघे ५५. हे पाळताना मी एकही मंडळ पाहिलेलं नाही, माझं स्वतःचंही नाही.

आणि शांतता क्षेत्रात ही सवलत चालत नाही.

लग्न मंगल कार्यालयात आहे. रिसेप्शन अकरापर्यंत चालेल?

जेवणं चालतील. गाणी कुठे वाजतात त्यावर बाकीचं अवलंबून. दारं-खिडक्या बंद असलेल्या हॉलमध्ये, आतल्या आतल्या कामापुरता स्पीकर दहानंतरही चालतो, पण बाहेर हद्दीवरची मर्यादा सुटत नाही. लॉन, अंगण, शेड, तीन बाजूंनी कापड लावलेला मांडव यांतलं काहीच ‘बंद जागा’ नाही. कनातीने आवाज थांबत नाही, हे कुणी वेगळं सांगायला नको.

बुकिंग करतानाच विचारा: ध्वनिक्षेपकाचा परवाना कार्यालय काढणार की आपण? पोलीस आल्यावर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि मध्ये नवरदेवाचे काका अडकतात. गोव्यात समुद्रकिनारी काही ठिकाणी दहानंतर पाहुण्यांना हेडफोन देऊन नाचवतात. बाहेरून बघायला गंमतशीर दिसतं, पण नियमात बसतं.

वरातीला वेगळी परवानगी लागते?

लागते. कार्यालयाचा परवाना गेटच्या आत संपतो. रस्त्यावर बँड, बेंजो किंवा गाडीवरचा साउंड असेल तर स्थानिक पोलीस ठाण्याची, आणि मोठा रस्ता असेल तर वाहतूक शाखेचीही.

सोसायटीच्या गच्चीवर वाढदिवस आहे. खाजगी कार्यक्रम, कुणाला काय करायचंय?

गच्ची उघडी आहे, म्हणजे दहानंतर स्पीकर बंद. दहाच्या आत खाजगी जागेची मर्यादा लागू. सोसायटीच्या कमिटीने ‘हो’ म्हटलं म्हणजे कायद्याने ‘हो’ म्हटलं असं होत नाही, आणि कमिटीने ठरवलं तर ती साडेनऊचाही नियम करू शकते.

आमच्याकडे मी एक साधी गोष्ट केली. गच्चीची चावी देताना वहीत सही घेतो, त्याच ओळीत ‘साउंड ९.४५ला बंद’ असं लिहिलेलं असतं. शेवटची पंधरा मिनिटं ‘अजून एकच गाणं, काका’ यात जातात, म्हणून पावणेदहा.

परवानगीचा अर्ज कुठे आणि कधी करायचा?

स्पीकरसाठी लेखी परवानगी आवश्यक आहे. शहरात पोलीस आयुक्तालयाच्या वतीने स्थानिक ठाणं ती देतं. बऱ्याच ठाण्यांत हे काम गोपनीय शाखेकडे असतं, तेव्हा आत शिरल्यावर ‘गोपनीयला कोण आहेत?’ एवढं विचारलं की योग्य टेबल सापडतं. अर्जात जागा, तारीख, वेळ, स्पीकर किती, साउंडवाला कोण आणि जबाबदार व्यक्तीचा मोबाइल नंबर लिहा. जागा दुसऱ्याची असेल तर मालकाचं ना-हरकत पत्र जोडा. मांडव रस्त्यावर येत असेल तर महापालिकेची परवानगी वेगळी. किमान आठवडाभर आधी जा. गणपतीच्या तोंडावर गेलात तर रांगेत उभं राहायची तयारी ठेवा.

डीजेवर, डॉल्बीवर बंदी आहे ना?

कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडे स्पीकरच्या भिंतीला सर्रास ‘डॉल्बी’ म्हणतात. त्या नावाच्या कंपनीचा आपल्या मिरवणुकीशी काडीचा संबंध नाही, पण शब्द रुजला तो रुजला. ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सव’ असं पोलीसही म्हणतात.

केंद्राच्या नियमांत ‘डीजे बंद’ असं वाक्य नाही. मर्यादा आवाजाला आहे, आणि ती भिंत त्या मर्यादेत वाजवणं जवळपास अशक्य असल्यामुळे पोलीस परवानगी नाकारतात. २०१८च्या गणेशोत्सवात साउंडवाल्यांच्या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली होती. विसर्जनासाठीही न्यायालयाने दिलासा दिला नाही.

इथे एक गोष्ट सांगतो, कारण तक्रारदार आणि पोलीस दोघंही तिच्यात फसतात. मागे आमच्या समोरच्या लॉनवर हळद होती. मी गेटवर फोन धरून उभा होतो, आकडा ६१-६२च्या पुढे जाईना. वर घरात बायको म्हणाली, ‘हे बघायला ये.’ स्वयंपाकघरात मांडणीवरच्या स्टीलच्या वाट्या एकमेकींवर किणकिणत होत्या आणि माठातल्या पाण्यावर बारीक वलयं उठत होती. मग ६२ कसे?

कारण नियमातला डेसिबल ‘ए’ पट्टीवर मोजतात. ती पट्टी माणसाच्या कानासारखी खालच्या सुरांना बहिरी असते. ५० हर्ट्झच्या घुमणाऱ्या ठेक्यातून ती सुमारे ३० डेसिबल वजा करते. म्हणजे ९० डेसिबलचा बेस मीटरवर ६० दिसतो. कानापेक्षा छातीला आणि खिडकीच्या काचेला जाणवणारा आवाज मीटर नीट पकडतच नाही. नियमातली ही उणीव आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर आयोजकांना विनंती एवढीच, की आवाज कमी करायला सांगितला तर आधी बेस उतरवा. अर्ध्या तक्रारी तिथेच थांबतात.

ढोल-ताशा चालतो का?

दिवसा चालतो, मर्यादा मात्र त्यालाही आहे. २०२४मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातल्या खंडपीठाने पथकात ३०पेक्षा जास्त जण नकोत असा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०२४ रोजी संख्येच्या त्या अटीला स्थगिती दिली. स्थगिती संख्येवरच्या अटीला होती, पण पथकांत निरोप गेला की ‘कोर्टाने सगळं मोकळं केलं’.

वादकांनी स्वतःच्या कानांची काळजी घ्यावी. सुरक्षिततेचा रूढ हिशेब असा, की ८५ डेसिबलमध्ये आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. ताशाशेजारी उभं राहून पाच तास वाजवणाऱ्या पोरांना कानात घालायचे बोळे द्या. फेट्याआड दिसतही नाहीत.

काकड आरती पहाटे पाचला असते. अजानही सहाच्या आत होते. त्याचं काय?

आरती करा, अजान द्या. स्पीकर सहानंतर. नियम धर्म पाहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०००मध्ये चर्चच्या प्रकरणात आणि मुंबई उच्च न्यायालयाने १६ ऑगस्ट २०१६ रोजी, ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर, हेच सांगितलं: ध्वनिवर्धक हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. जानेवारी २०२५मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांच्या याचिकेत उच्च न्यायालयाने तेच पुन्हा बजावलं. देवळात टाळ-मृदंगावर काकडा ऐकलेल्यांना हे पटवावं लागत नाही.

रुग्णालयाजवळ १०० मीटर शांतता क्षेत्र असतंच ना?

पूर्वी सरळ हो म्हणता यायचं. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती किमान १०० मीटर. १० ऑगस्ट २०१७च्या दुरुस्तीने सांगितलं, की राज्य सरकारने अधिसूचित केल्याशिवाय कुठलंही क्षेत्र शांतता क्षेत्र ठरणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली, आणि काही दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने त्या स्थगितीलाच स्थगिती दिली. म्हणून नुसतं १०० मीटर मोजून भांडू नका. ते ठिकाण अधिसूचित आहे का, हे ठाण्यात किंवा महापालिकेत विचारा. अधिसूचित असेल तर तिथे स्पीकर, ढोल, हॉर्न, फटाके यांतलं काहीच नाही.

फटाके?

रात्री दहा ते सहा आवाजाचे फटाके बंद, लग्नातले आणि मॅच जिंकल्यावरचेही. दिवाळीसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये रात्री आठ ते दहा ही वेळ घालून दिली. फटाका फुटतो तिथून ४ मीटरवर १२५ डेसिबल ही त्याच्या बनावटीची मर्यादा आहे, त्यामुळे ती पाहायची जबाबदारी बनवणाऱ्याची.

निवडणुकीचा प्रचार आणि शेजारचं बांधकाम?

प्रचाराच्या स्पीकरलाही परवानगी आणि दहा ते सहा बंदी. बांधकामाची गोंगाट करणारी यंत्रं निवासी भागात रात्री चालवता येत नाहीत, स्लॅब अर्धवट राहिला असला तरी.

तक्रार कुठे करायची? माझं नाव त्यांना कळेल का?

११२ लावा. पत्ता नीट सांगा, कुठला मांडव की कुठलं लॉन ते सांगा, आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. नाव सांगायची सक्ती नाही. तक्रारदाराची ओळख विचारू नका आणि उघड करू नका, असं २०२५च्या त्या निकालात पोलिसांना बजावलं आहे. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. एकदा मी तक्रार केली आणि दहा मिनिटांत मंडळाच्या पोराचा फोन आला, ‘काका, आम्हाला सांगायचं ना डायरेक्ट.’ नंबर त्याला कुणी दिला ते मी विचारलं नाही. आता सोसायटीच्या लेटरहेडवर, सतरा सह्यांनिशी अर्ज देतो.

दहानंतरचा आवाज असेल तर डेसिबल मोजण्याची गरजच नाही, वाजतोय एवढं पुरे. दिवसाचा असेल तर तो मानकापेक्षा १० डेसिबल किंवा अधिक असावा लागतो.

फोनमधलं ॲप चालतं का?

अंदाजासाठी चालतं. त्याच २०२५च्या निकालात पोलिसांनाही अशी ॲप वापरायला सांगितलं आहे. मात्र फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, मोठ्या आवाजाला तो अडखळतो. खटल्यात टिकायचं तर पोलिसांच्या किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासलेल्या मीटरवरचं मोजमापच लागतं. मोजताना फोन छातीच्या उंचीवर, भिंतीपासून दूर धरा, माइकवर बोट नको, आणि एका क्षणाचा उंच आकडा न घेता काही मिनिटांची सरासरी घ्या.

पकडले गेलो तर काय होतं?

२०२५च्या निकालात पायऱ्या सांगितल्या आहेत: आधी समज, मग महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली दंड, तरीही तेच चाललं तर साहित्य जप्त आणि परवाना रद्द. दंड दिवसाला पाच हजार धरला तर वर्षाचे १८ लाख २५ हजार होतात, असा हिशेब न्यायालयाने स्वतः मांडला. पर्यावरण संरक्षण अधिनियमात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होता. जनविश्वास कायद्याने १ एप्रिल २०२४पासून कैद काढून १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला. भारतीय न्याय संहितेतल्या सार्वजनिक उपद्रवाचा दंड एक हजारापर्यंतच आहे. त्याला कुणी घाबरत नाही.

व्यवहारात सगळ्यात जास्त दुखतं ते जप्तीचं. भाड्याने आणलेला मिक्सर आणि ॲम्प्लिफायर सीझनच्या मध्यात ठाण्याच्या आवारात पडून राहिला, की साउंडवाल्याच्या पुढच्या सगळ्या सुपाऱ्या जातात.

गाण्याच्या मैफली आणि गावचा तमाशा यांचं या नियमाने वाटोळं केलं, हे खरं ना?

नुकसान झालं, हे खरं. १९५३पासून पुण्यात होणारा सवाई गंधर्व महोत्सव रात्र-रात्र चालायचा. पहाटेचे राग पहाटेच ऐकायला मिळायचे. आता कार्यक्रम दुपारी सुरू करून रात्री आवरते घ्यावे लागतात, सवलतीच्या दिवशी काय ती मध्यरात्र. बंद सभागृहात बसवलं तर अडचण नाही, पण एवढे श्रोते मावतील असं सभागृह हवं.

तमाशाचं दुखणं मोठं आहे. जत्रेत पालखी उरकून, जेवणं करून माणसं नऊला कनातीत येतात. गण, गवळण, बतावणी होऊन वगाला हात घालेपर्यंत दहा वाजलेले असतात. फडमालक सवलत मागतात, आणि ती मला रास्त वाटते, कारण गावाबाहेरच्या मैदानावर वर्षातून एकदा होणारा खेळ आणि इमारतींच्या मधोमध दर शनिवारी वाजणारं लॉन एका मापाने मोजू नये. पण जत्रेचा दिवस जिल्ह्याच्या यादीत नसेल तर आज तरी दहालाच बंद करावं लागतं. काही यात्रा कमिट्या म्हणूनच दुसऱ्या दिवशीच्या हजेरीवर भर देतात. दिवसा खेळ, स्पीकरचा परवाना साधा, आणि बाया-पोरंही बघायला येतात.